तो काही करत नाही

दोस्तांनो, या वेळी कुत्र्यांवर लिहितोय. हसा. कट्ट्यावर विषय काढला तेव्हाही पोरं हसलीच. एक म्हणाला, क्रांती राहिली बाजूला आणि हा ढोरडॉक्टर व्हायला निघाला. दुसरा म्हणाला, कुत्र्यांवर लिहायला इंग्रजी पेपर आहेत, टॉवरमधल्या बाया आहेत, तू कशाला तोंड खुपसतोस? मी म्हटलं, म्हणूनच. ज्यांना कुत्रा चावत नाही त्यांनीच कुत्र्यांवर सगळं लिहून ठेवलंय. ज्यांच्या पोटरीचा लचका गेला त्यांचं म्हणणं कुठं छापून आलं? आलंच तर आतल्या पानावर दोन ओळी. भटक्या कुत्र्याच्या हल्ल्यात बालक जखमी. बालकाला नाव नाही, गल्लीला नाव नाही, कुत्रा कुणाचा याचा पत्ता नाही. संपली बातमी.

या शहरात कुत्र्यांचं भांडण दोन पार्ट्यांत चालतं. एक पार्टी म्हणते, उचला सगळी आणि नेऊन मारा. दुसरी म्हणते, मुका जीव आहे, माणूसच हरामी. या दोन्ही पार्ट्या एकाच लिफ्टनं खाली उतरतात. दोघींचे वकील एकाच बारमध्ये बसतात. सोसायटीची मीटिंग होते, आरडाओरडा होतो, आणि शेवटी ठरतं काय, तर कुत्रं गेटच्या आत नको, बाहेर असू दे. गेटच्या बाहेर कोण राहतं हा प्रश्न त्या मीटिंगच्या वहीत कधी लिहिला जात नाही. गेटच्या बाहेर आपण राहतो.

पहाटे साडेपाचला घाटकोपर पूर्वेला हायवेच्या कडेनं एकदा चालून बघा. कोण असतं रस्त्यावर? दूधवाला. पेपरचा गठ्ठा सायकलला बांधलेला पोरगा. हजेरी चौकीकडं निघालेल्या मावश्या. नाक्यावर जागा धरायला निघालेला बिगारी. सार्वजनिक संडासकडं डबा घेऊन निघालेली बाई आणि तिच्या मागं डोळे चोळत येणारं पोर. रात्री बारा ते सकाळी सात रस्ता कुत्र्यांचा असतो, आणि नेमक्या त्याच वेळात आपलं अर्धं जगणं उरकावं लागतं. साहेब लोक साडेआठला गाडीच्या काचा वर करून निघतात. तोवर कुत्री झोपलेली असतात. मग साहेबाला प्रामाणिकपणे वाटतं, कुत्री किती शांत आहेत, ही वस्तीतली माणसं उगाच दगड मारतात.

माझी मावशी झाडूखात्यात कंत्राटावर आहे. तिच्या बीटात एका कोपऱ्यावर सहा कुत्री. ती सांगते, हाड हाड करून काय होत नाय, खाली वाकून दगड उचलल्याचं सोंग करावं लागतं, तेव्हा ती दोन पावलं मागं सरतात. लोटगाडी ढकलत, एका हातात खराटा, आणि दर दहा पावलांवर वाकून सोंग. कमरेची वाट लागली तिच्या. आता तिथं सहाच कुत्री का जमतात तेही ऐका. रात्री एक गाडी येते, डिकी उघडते, चिकनभाताचे कागद मांडले जातात. गाडीवाल्यांच्या स्वतःच्या सोसायटीत हे चालत नाही, वॉचमन अडवतो, सेक्रेटरी नोटीस काढतो. म्हणून पुण्य कमवायला ते आपल्या गल्लीच्या तोंडाशी येतात. दया त्यांची, दात आपल्या वाट्याला. आणि सकाळी ते खरकटे कागद कोण झाडतं? मावशीच. कुत्री भोवती गुरगुरत असताना.

कचरा वेचणाऱ्या बायांचं तर विचारूच नका. पाठीवर गोणी दिसली की कुत्रं अंगावर येतंच. कुत्र्याला जात कळते का रे, असं मला एकानं विचारलं. कुत्र्याला जात कळत नाही. त्याला मालकाची नजर कळते. गेटवर ज्याला बघून वॉचमन दांडका आपटतो, त्याच्यावर ते भुंकायला शिकतं. सोसायटीवाल्यांना बिनपगारी वॉचमन मिळतो.

आता पाळलेल्या कुत्र्यांकडं येऊ. खरा राग मला इथं आहे, कारण रस्त्यावरच्या कुत्र्याला बांधणारा कुणी नाही, पण यांच्या गळ्यात तर दोन हजाराचा पट्टा असतो. दोर मात्र मालकाच्या खिशात.

अंधेरी पश्चिमेला टॉवरच्या रस्त्यांवर संध्याकाळी जाऊन बघा. हस्की, रॉटवायलर, डॉबरमन, लॅब्राडोर. बर्फातल्या जनावराला मे महिन्यात मुंबईत आणून एसीत ठेवायचं, आणि संध्याकाळी मोकळं सोडायचं, का तर दिवसभर कोंडून राहतो बिचारा. बागेत पोरं खेळतायत, म्हातारे बाकावर बसलेत, कुणाची तरी बाई पोळ्या करून बसस्टॉपकडं पळतेय. त्यांच्या अंगावर शंभर पौंडाचं जनावर धावून येतं आणि मागून मालकाचा आवाज येतो: घाबरू नका हो, तो काही करत नाही.

हे वाक्य नीट ऐका. तुम्ही घाबरलात ही तुमची चूक, असं ते वाक्य सांगतं. भीती ही तुमची खासगी अडचण. रस्ता त्याच्या कुत्र्याचा, तुम्ही तिथं पाहुणे. इंग्रजीत, हिंदीत, गुजरातीत, कोकणस्थी मराठीत, सगळीकडं हे वाक्य एकाच सुरात येतं.

माझी वहिनी अशाच एका टॉवरमध्ये भांडी घासते. म्हणजे घासायची. पोडियमवर एकाचा कुत्रा सुटला आणि तिची पोटरी धरली. मालकीणबाई धावत आल्या, कुत्र्याला जवळ घेतलं, त्याला काही लागलं का ते बघितलं. मग म्हणाल्या, तो फक्त अनोळखी माणसावरच जातो. वहिनी त्या मजल्यावर सहा वर्षं काम करत होती. पाचशेची नोट दिली, डेटॉल लाव म्हणाल्या. वहिनीच्या नवऱ्यानं, म्हणजे माझ्या चुलतभावानं, खाली ऑफिसात जाऊन तक्रार लिहून द्यायची भाषा केली. तिसऱ्या दिवशी वहिनीचा गेटपास बंद. कुत्र्याचा पास चालू. मी यात कुत्र्याला दोष देत नाही. त्याला अनोळखी कोण हे कुणी तरी शिकवलंच असेल ना.

कायदा नाही असं समजू नका. कायदा आहे, जुना आहे. मुंबई महापालिकेच्या कायद्यात पाळीव कुत्र्याला परवाना लागतो. जनावर सांभाळण्यात हलगर्जी केली आणि माणसाला धोका झाला तर इंग्रजांच्या दंड संहितेत कलम २८९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम २९१ झालं. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण हे कलम हलतं कसं बघा. २०१० साली नेपियन्सी रोडला भांडणाच्या भरात एका धनिकाच्या गाडीतला रॉटवायलर बाहेर सुटला आणि बहात्तर वर्षांच्या नातेवाइकाला चावला. खालच्या कोर्टात निकाल लागला २०२३ मध्ये. तीन महिने. २०१८ साली वरळीच्या एका इमारतीच्या लिफ्टमध्ये कुत्रा शेजाऱ्याला चावला. निकाल २०२५ मध्ये. चार महिने. हे दोन्हीकडचे लोक फ्लॅटवाले. वकील ठेवू शकणारे. त्यांना तेरा आणि सात वर्षं लागली. माझ्या वहिनीनं कोर्टाची पायरी चढली तर तिच्या नातीला निकाल कळेल.

मध्येच केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये एक फतवा काढला होता, तेवीस जातींची कुत्री पाळायला बंदी. एप्रिलमध्ये कर्नाटक हायकोर्टानं तो उडवला. बरं झालं. जातीवरून धोकादायक ठरवणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवून ठेवल्या होत्या. कुत्र्याच्या जातीवर बंदी घातली की दोर खिशात घालून फिरणारा मालक मोकळा सुटतो.

कुत्र्याचं आणि आपलं नातं या देशात फार जुनं आहे, आणि ते आपण जोडलेलं नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहून ठेवलंय की चांडाळानं गावाबाहेर राहावं, आणि कुत्री व गाढवं हीच त्याची संपत्ती. आपल्याला शिवी दिली ती पण कुत्र्यावरून, श्वपच. कुत्रं शिजवून खाणारा. त्याच पोथ्यापुराणांचे लोक धर्मराजाचा कुत्रा स्वर्गाच्या दारापर्यंत नेतात, दत्ताच्या पायाशी चार कुत्रे बसवून त्यांना चार वेद म्हणतात. कुत्रं भाकरी घेऊन पळालं तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले, ही गोष्ट शाळेत आपण सगळ्यांनी ऐकलीय. चांगली गोष्ट आहे, मला आवडते. पण त्याच पंढरपुरात चोखोबा पायरीशी होते. त्यांच्यामागं वाटी घेऊन कुणी धावलं नाही.

आणि महाड. २० मार्च १९२७. चवदार तळ्यावर मुसलमान पाणी भरत, ख्रिस्ती भरत, गाईम्हशी पीत, कुत्रं जाऊन जीभ लावून येत असे. मनाई फक्त आपल्याला. बाबासाहेबांनी कुत्र्यामांजराचा हा दाखला पुढंही पुन्हा पुन्हा दिला, १९३१ मध्ये मणिभवनात गांधींच्या समोरसुद्धा. आता जरा विचार करा दोस्तांनो. त्या दिवशी महाडला जमलेल्या हजारो माणसांना कुत्र्याचा राग यायला काय हरकत होती? कुत्र्याला तळ्यावरून हाकला अशी मागणी करता आली असती. कुणी केली नाही. माणसं तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. भांडण कुत्र्याशी नव्हतंच. कुत्र्याला मुभा आणि माणसाला मनाई ज्यानं ठरवली त्याच्याशी होतं. मी आज कुत्र्यांवर लिहितोय ते याच हिशेबानं. त्या वेळी तळं होतं, आता फुटपाथ आहे, बाग आहे, संडासची वाट आहे.

महाडच्या आदल्याच वर्षी, १९२६ मध्ये, अहमदाबादेत एका गिरणीमालकानं आपल्या आवारातली साठेक भटकी कुत्री मारवली होती. गांधींनी त्याची बाजू घेतली आणि अहिंसावाल्यांनी त्यांच्यावर पत्रांचा पाऊस पाडला. साठ कुत्र्यांसाठी गुजरात हलला. अस्पृश्यांच्या पाण्यासाठी एवढी शाई कुणी वाळवली होती? पण एक सांगतो, तुम्हाला आवडो न आवडो. गांधींचं त्या वादातलं एक म्हणणं मला पटतं. बेवारस फिरणारं कुत्रं हे समाजाच्या दयेचं लक्षण नाही, आळसाचं आहे; कुत्र्याला जबाबदार धनी हवा. धनी कोण, एवढाच प्रश्न विचारला तरी अर्धं ढोंग उघडं पडतं.

मारून टाका म्हणणाऱ्या पार्टीनं मुंबईचा इतिहास वाचावा. १८३२ साली इंग्रजांनी उन्हाळ्यात भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला, कुत्र्यामागं आठ आणे बक्षीस. मग शिपायांनी काय केलं? आठ आण्यांसाठी घरात शिरून पाळलेली कुत्रीसुद्धा ओढून मारली. ६ जूनला फोर्टात पारशी बिथरले, मोठा दंगा झाला, बाजार बंद, साहेबांच्या कोठ्यांवरचा पाव आणि पाणी बंद, शेवटी गोरी पलटण आणावी लागली. त्यानंतरही मारणं चालूच राहिलं. महापालिका १९९४ पर्यंत कुत्री पकडून विजेचा झटका देऊन मारत होती. दीडशे वर्षांहून जास्त काळ मारलं. संपली का कुत्री? कचऱ्याचा ढीग तसाच ठेवलात तर एक टोळी गेली की दुसरी येते, आणि ती नवी टोळी ओळखीची पण नसते. आमच्या गल्लीतला काळू नसबंदी झालेला, कानाला खाच असलेला, बारा वर्षांचा म्हातारा आहे. तो असल्यामुळं बाहेरची कुत्री आत येत नाहीत. काळूला न्याल तर मी आडवा येईन. आमच्याकडच्या पोरांचं बालपण काळूच्याच अंगावर डोकं ठेवून गेलंय, हे टॉवरवाल्या प्राणिमित्रांना माहीत नसतं. त्यांना वाटतं प्रेम फक्त पिशवीतल्या खाण्यातच असतं.

१९९४ नंतर नसबंदी आली. २००१ मध्ये केंद्राचे नियम आले: पकडा, नसबंदी करा, लस टोचा, जिथून उचललं तिथंच सोडा. डिसेंबर २००८ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठानं बहुमतानं म्हटलं, उपद्रवी कुत्री मारायचा अधिकार पालिकेला आहे. जानेवारी २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली. २०२३ मध्ये नवे नियम आले. कागद कमी नाहीत. पालिकेच्या २०१४ च्या मोजणीत मुंबईत भटकी कुत्री निघाली ९५,१७२ आणि २०२४ च्या मोजणीत ९०,७५७. दहा वर्षांच्या नसबंदीचा हिशेब हा असा. साडेचार हजार कमी. महापालिका काही करत नाही असं मी म्हणत नाही. तिच्या कुत्र्याच्या मालकासारखीच ती म्हणते, घाबरू नका.

आणि मग २०२५. ११ ऑगस्टला सुप्रीम कोर्टानं दिल्लीतली सगळी कुत्री उचला म्हटलं, २२ ऑगस्टला दुसऱ्या खंडपीठानं ते बदललं: लस टोचून परत सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडू नका, रस्त्यात खाऊ घालू नका, प्रत्येक वॉर्डात खाऊ घालायच्या जागा ठरवा. ७ नोव्हेंबरला आणखी एक हुकूम झाला. शाळा, इस्पितळं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं, इथली कुत्री हटवा आणि पुन्हा तिथं सोडू नका. टीव्हीवर आठवडाभर बोंबाबोंब.

ती यादी पुन्हा वाचा. शाळा आहे. इस्पितळ आहे. स्टेडियम आहे. झोपडपट्टीची गल्ली नाही. सार्वजनिक संडास नाही. नाक्यावरची जागा नाही. हजेरी चौकी नाही. न्यायमूर्तींवर मी टीका करत नाही, त्यांच्यासमोर जे गेलं त्यावर ते बोलले. आपलं कुणी गेलंच नव्हतं. आता स्टेशनावरून हटवलेली, शाळेतून हटवलेली कुत्री जाणार कुठं? आणि खाऊ घालायच्या जागा कुठं ठरणार? नियमात लिहिलंय की रहिवासी संघटनेशी बोलून जागा ठरवा. टॉवरची संघटना आहे, लेटरहेड आहे, ईमेल आहे. झोपडपट्टीची रहिवासी संघटना म्हणून पालिका कुणाला मोजते? पैज लावा, ती जागा स्कायवॉकच्या खाली, नाल्याच्या कडेला, आपल्या भिंतीला लागूनच निघेल. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं वॉर्डात नगरसेवकसुद्धा नव्हता, की ज्याच्या ऑफिसात जाऊन टेबल ठोकावं.

कचऱ्याबद्दल एकदाच बोलतो. टॉवरच्या गेटवर गाडी येते, शिट्टी वाजते, ओला सुका वेगळा. वस्तीच्या आतला कचरा कित्येक ठिकाणी मानधनावरच्या पोरांवर सोडलाय. चिकनच्या दुकानाची आतडी त्याच कुंडीत. जिथं कुंडी तिथं कुत्री, याला पशुवैद्य लागत नाही.

बोरिवली, मुलुंड, आरेच्या बाजूला तर या साखळीला आणखी एक कडी आहे. संजय गांधी उद्यानातल्या बिबट्यांच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा मोठा वाटा आहे. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की उद्यानाच्या आसपास बिबटे वर्षाला दीडेक हजार कुत्री खात असावेत, त्यामुळं हजारेक माणसांचं चावणं टळत असावं. पेपरवाल्यांना फार मजा वाटली, बिबट्या मुंबईकरांचा डॉक्टर. पण कुत्र्याच्या मागावर बिबट्या येतो तो कुणाच्या दारात? वारल्यांच्या पाड्यात, जिथं दिवा नाही, घरात संडास नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीत, आरेत सोळा महिन्यांच्या मुलीला बिबट्यानं नेलं. डॉक्टरची फी पाड्यानं भरली.

आता चावल्यानंतरचं. हे जरा सावकाश वाचा, कारण यात जीव जातो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पिसाळल्याचा संशय असलेलं जनावर ज्यांना चावतं त्यांतली चाळीस टक्के पंधरा वर्षांखालची पोरं असतात. भारतात रेबीजनं वर्षाला अठरा ते वीस हजार मरतात हा त्यांचा जुना अंदाज. अलीकडे देशातल्या संशोधकांनी पाहणी करून पावणेसहा हजाराच्या आत आणला. दोन अंदाजांत बारा हजारांहून जास्त माणसांचा फरक पडतो, यावरूनच मरणारे कुणाच्या घरातले असतील ते ओळखा. एकदा पाण्याची भीती सुरू झाली की औषध नाही, खाटेला बांधायचं आणि बघत बसायचं. पण त्याच्या आधी औषध आहे, पक्कं आहे.

जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट, काही लावायचं नाही. मग दवाखाना. आजी सांगायची ती पोटातली चौदा इंजेक्शनं आता नाहीत. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस देशात २००४ अखेर बंद झाली. आता दंडात टोचतात. पहिला दिवस, मग तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा. दंडाच्या स्नायूत देत असतील तर चौदावाही. जखमेतून रक्त आलं असेल तर लस पुरत नाही, सीरम लागतं, ते जखमेतच भरावं लागतं, तेही पहिल्याच फेरीत. पालिकेच्या दवाखान्यात लस फुकट मिळते.

ऐकायला किती सोपं. पंधरा मिनिटं वाहतं पाणी. आमच्या गल्लीत नळ तासभर येतो, बादल्यांची रांग असते. माझ्या शेजारच्या पोराला कुत्रा चावला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, नळाला थेंब नव्हता. पिण्याच्या हंड्यातलं पाणी ओतलं. पहिल्या दवाखान्यात लस होती, सीरम नव्हतं. मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथं केसपेपरची खिडकी बंद झालेली. सीरम मिळालं तेव्हा रात्रीचे दहा. त्याचा बाप बिगारी. त्या दिवसाचा खाडा, तिसऱ्या दिवसाचा खाडा, सातव्या दिवसाचा खाडा. अठ्ठाविसाव्या दिवशी बाप म्हणाला, पोरगं बरं दिसतंय की आता, कशाला? त्याच्या हातापाया पडून आम्ही नेलं. लस फुकट, पण चार फेऱ्यांचे चार खाडे कोण देतो? कुत्रा चावल्याची खरी किंमत ती. पाचशेच्या नोटेत बसत नाही.

म्हणून मागण्या करायच्या तर अशा करू. पाळलेलं कुत्रं सार्वजनिक जागेत दोरावरच, आणि दोर मोठ्या माणसाच्या हातात. आपल्या वस्तीतल्या पंधरा वर्षांच्या पोराला चार कुत्री धरायला देऊन मालक फोनवर बोलत चालतो, ते नाही चालणार. परवान्याचा नंबर पट्ट्यावर. चावलं तर औषधपाण्याबरोबर सगळे खाडे मालकानं भरायचे, कोर्टात तेरा वर्षं न घालवता, वॉर्डातच. भटक्यांच्या नसबंदीची गाडी आधी वस्तीत, मग टॉवरला. प्रत्येक दवाखान्यात लसीबरोबर सीरम, आणि आज ते आहे की नाही हे दाराबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं. झाडूवाल्या मावश्यांना चावण्याआधीच टोचायची लस असते, ती पालिकेनं आणि कंत्राटदारानं द्यावी. मावशीला अशी लस असते हेच कुणी सांगितलं नव्हतं. खाऊ घालायची जागा ठरवताना वस्तीची सही.

यासाठी मोर्च्याच्या आधी कागद लागतो. आमच्या गल्लीत आम्ही शाळेची एक वही सुरू केलीय. कोणाला चावलं, कुठं, किती वाजता, कुत्रं पाळलेलं की भटकं, लस मिळाली का, सीरम मिळालं का, खाडे किती. पहिल्या आठवड्यात पान भरलं. लिहायचं काम आठवीतल्या दोन पोरी करतात, अक्षर चांगलं आहे. मुलुंडच्या, बोरिवलीच्या, अंधेरीच्या पोरांनी आपापल्या गल्लीची वही काढा. प्राणिमित्र म्हणवणाऱ्यांपैकी जे रात्री खाणं टाकतात त्यांनाही सांगा, सकाळी सहाला मावशीबरोबर एक बीट चाला, मग वहीत तुमचंही म्हणणं लिहू. महिना झाला की वह्या घेऊन घाटकोपरला या. टी वॉर्ड, एन वॉर्ड, के वेस्ट, आर सेंट्रल, चारही ऑफिसांत एकाच दिवशी जायचंय.